परतीच्या खेपेचं बोलणं

गावातली एकुलती एक शववाहिका सावकाशकाकांनी एकोणतीस वर्षं चालवली, आणि एवढ्या वर्षांत एकाही उतारूनं तक्रार केली नाही. गाडी उशिरा आली म्हणून कुणी भांडलं नाही, धक्के बसले म्हणून कुणी कुरकुरलं नाही, आणि पुन्हा या गाडीत पाय ठेवणार नाही असंही कुणी बजावलं नाही; ते तसंही जमण्यासारखं नव्हतं. बसवाले, ट्रकवाले, टॅक्सीवाले सगळे काकांचा हेवा करायचे. पण जरा गाडी धुवायला हात लावा म्हटलं की चार पावलं मागं सरायचे.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं. बाकी गाव त्यांना सावकाशकाका म्हणायचं. मागं चढणाऱ्या प्रत्येकाला ते ‘सावकाश’ म्हणायचे, गाडीही तशीच हाकायचे, आणि मागून एखाद्या ट्रकवाल्यानं हॉर्न बडवला तर आरशात बघून पुटपुटायचे, जा बाबा पुढं, तुझ्या वेळेला मी आहेच.

गाडी ज्या रुग्णालयाची, त्याच रुग्णालयात काकू आया होत्या. वॉर्डातून निरोप द्यायचा तो काकूंनी, पुढं पोचवायचं ते काकांनी. दोन्ही टोकं एकाच घरात. कुणाच्या लग्नाला दोघं जोडीनं गेली की यजमान हसतमुखानं पुढं यायचे आणि घरातल्या म्हाताऱ्यांना हळूच आतल्या खोलीत पाठवायचे.

गाडी लांबट होती. दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, मधे स्ट्रेचरची जागा, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागं वीतभर रुंदीची सरकती खिडकी. ही खिडकी काका थोडी उघडी ठेवायचे. मागं कुणाला चक्कर आली, कुणी कोसळलं, तर कळावं म्हणून. कारण खरंच होतं. पण एकोणतीस वर्षांत चक्कर येणारे निघाले सहा-सात, आणि बोलणारे निघाले हजारो.

जाताना सगळी गाडी एकच बोलायची. देवमाणूस होता. मुंगीलाही कधी दुखवलं नाही. असा माणूस आता होणे नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध, त्यातला प्रकार. काका पुढं बसून मान हलवायचे. परत येताना मधली जागा रिकामी, बाकांवरची माणसं मात्र तीच. स्मशानाच्या फाटकातून बाहेर पडल्यावर थोडा वेळ कुणी तोंड उघडायचं नाही. मग एखादा खाकरायचा. पुढं रस्त्यात एक दांडगा गतिरोधक होता. त्यावर गाडी धाडकन आदळली की जिभा सुटायच्या. देवमाणूस होता खरा, पण हट्टी. आणि चिकट. माझी शिडी नेली त्याला पाच वर्षं झाली, आता ती मागू कुणाकडं? त्यावर दुसरा सांगायचा, त्याच शिडीवर चढून त्यानं शेजारणीचं मांजर झाडावरून उतरवलं, मांजर सुखरूप आणि हा पाय मोडून तीन महिने खाटेवर. मग हशा पिकायचा. हसता हसता कुणाचे तरी डोळे भरून यायचे. काकांना वाटायचं, जाताना नेला तो कुणीतरी भलताच होता. खरा माणूस आत्ता गाडीत चढलाय.

निवृत्त झाल्यावर दोन महिने काकांनी पंख्याकडं बघत काढले. काकूंनी शेवटी सांगितलं की असं रोग्यासारखं पडून राहू नका, मला सवयीनं तुमचा ताप बघावासा वाटतो. तेव्हा काकांनी उठून वही आणली आणि आपल्या खेपा लिहायला घेतल्या. दीड वर्षात दोनशे चौदा पानं झाली. अक्षर मोठं, ओळी सरळ, खाडाखोड नावाला नाही. ड्रायव्हरच्या हाताला वळण असतं, असं ते स्वतःच सांगायचे.

आता गावच्या वाचनालयाची एक पद्धत होती. दर तीन वर्षांनी ते गावातल्याच, आधी कधी काही न छापलेल्या माणसाचं एक पुस्तक छापायचं. मागच्या वेळी विहिरी खणणाऱ्याचं निघालं होतं, त्याच्या आधी एका दाईचं. कुणाचं घ्यायचं ते ठरवायच्या ग्रंथपालबाई. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आवाज बारीक, आणि ‘चांगलं आहे’ हे शब्द त्यांच्या तोंडून गावानं अजून ऐकलेले नव्हते. त्या हस्तलिखित वाचायला घ्यायच्या आणि ज्या पानावर जांभई येईल तिथं कागदाची चिठ्ठी घालून परत द्यायच्या. बस, तेवढंच. गावात निम्म्या शिकलेल्या घरांत अशी चिठ्ठी घातलेली एकेक वही होती. हेडमास्तरांच्या वहीत तर चिठ्ठी अर्पणपत्रिकेवरच होती.

काका चौकशीला गेले तेव्हा बाईंनी सांगितलं, पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत द्या. ती तारीख चुकली तर मग तीन वर्षांनी. आणि तीन वर्षांचा भरवसा किती धरायचा, हे काकांइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा जे व्हायचं ते याच वेळी व्हायला हवं होतं. बाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत, चिठ्ठी न घालता वाचलं पाहिजे; मग छापोत न छापोत. काकांचा जीव एवढ्यातच अडकला.

निघताना बाईंनी एक गोष्ट फुकट सांगितली. माझ्याकडं आणण्याआधी चार जणांना वाचायला द्या. ‘कसं वाटलं’ म्हणून विचारू नका, लोक ‘छान’ म्हणतात आणि चहा घेऊन जातात. कुठं थांबलात, कुठली पानं न वाचता उलटलीत आणि कुठलं दुसऱ्याला सांगावंसं वाटलं, एवढं विचारा.

काकांनी चार प्रती काढून घेतल्या आणि चार जणांना दिल्या. एक काकूंना. एक हेडमास्तरांना, कारण ते शिकलेले. एक रुग्णालयाच्या फाटकासमोरच्या फुलवालीला, कारण ती धंद्यातली. काकांच्या गाडीवरची सगळी फुलं एकोणतीस वर्षं तिच्याकडचीच. आणि एक मेहुण्याला, म्हणजे काकूंच्या धाकट्या भावाला, त्याची पावाची भट्टी होती आणि पीठ फुगेपर्यंत त्याला बसून राहण्यावाचून काम नव्हतं.

पंधरा दिवसांनी काका फेरीला निघाले. हेडमास्तर म्हणाले, स्तुत्य उपक्रम, समाजाला उपयुक्त. कुठं थांबलात, तर म्हणाले, थांबतोय कसला. फुलवाली म्हणाली, वाचून रडू आलं. कुठल्या पानावर, तर म्हणाली, सगळ्याच. मेहुणा म्हणाला, दाजी, एका बैठकीत संपवलं. त्याची प्रत मात्र पिठाच्या पोत्यावर पालथी ठेवलेली होती आणि वर एक वीट होती. घरी काकूंना विचारलं तर त्या भाजी चिरता चिरता म्हणाल्या, तुमचं काहीही मला आवडतंच की. हे वाक्य तीस वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं, त्यामुळं काकांना दरदरून घाम फुटला.

चूक कुणाची नव्हती. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ती काय उगाच? पण या भिडेला आणखी एक पदर होता. शववाहिकेच्या ड्रायव्हरशी वाकडं घ्यायला गावात कुणाची छाती होत नव्हती. निवृत्त झाला म्हणून काय झालं, ज्याच्या गाडीत आपले आईबाप गेले त्याला, तुमचं पुस्तक कंटाळवाणं आहे, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? सगळे गोड बोलत होते. काका घराच्या पायरीवर बसून विचार करत राहिले, आणि हा गोडवा आपल्या ओळखीचा आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. देवमाणूस होता. मुंगीला दुखवलं नाही. ही जातानाची खेप होती. पुस्तक अजून स्ट्रेचरवर होतं आणि लोक त्याच्या दोन्ही बाजूंना बसून त्याचे गुण गात होते. खरं ऐकायचं असेल तर आधी ते पोचवून यायला हवं.

दुसऱ्या दिवशी काकांनी पुस्तक मारलं.

म्हणजे तसं जाहीर केलं. मूळ वही त्यांनी पाहुण्यांच्या खाटेवरच्या गादीखाली सरकवली, चेहरा लांब केला, आणि पहिल्यांदा हेडमास्तरांकडं गेले. म्हणाले, रुग्णालयाच्या कचरा जाळायच्या भट्टीत टाकून आलो. लायकीचं नव्हतं. तुमची प्रतही द्या, तिचाही निकाल लावतो.

हेडमास्तर आधी हळहळले. मग काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि गेलेल्याबद्दल दोन चांगले शब्द बोलले. काका काही बोलले नाहीत. एकोणतीस वर्षं ते पुढं तोंड करून गप्प बसले होते, ती सवय आता कामाला आली. त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडं नजर लावली, जणू समोर रस्ता आहे. फाटकापासून गतिरोधकापर्यंत जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ गेला असेल, आणि हेडमास्तर खाकरले.

‘एका अर्थी सुटलात म्हणा,’ ते म्हणाले. ‘अहो, साठ पानं नुसतं इंजिन? क्लच कुठला, टायर कधी बदलला, डिझेल किती खाल्लं. मी बाराव्या पानावर थांबलो, पुढची नुसती उलटून मोजली. त्यापुढं मला कुणी मारून वाचायला लावलं असतं तरी वाचलं नसतं.’

प्रत बघितली तर खरंच बाराव्या पानापर्यंत लाल रेघा होत्या आणि पुढं कागद कोरा करकरीत. काकांना टोचलं. ते इंजिन त्यांनी एकोणतीस वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. पण त्यांनी नकाशावरून नजर हलवली नाही. शेवटी हेडमास्तर म्हणाले की प्रत्येक खेपेच्या शेवटी एकेक बोध घालायला हवा होता. हे मात्र काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खड्डा कुठं आहे हे बसलेल्या माणसाला कळतं, त्याच्या ढुंगणाला कळतं. तो कशानं बुजवायचा हे त्याला विचारू नये.

फुलवालीकडं बातमी आधीच पोचली होती. तिनं पाटीवरचं ओलं फडकं झटकलं, काकांना स्टुलावर बसवलं आणि पाच मिनिटं भट्टीला शिव्या दिल्या. काका फुलांकडं बघत बसले. मग तिनं हार गुंफता गुंफता दोरा दातानं तोडला आणि सुरुवात केली.

‘काका, राग मानू नका. चाळीस माणसं मेली तुमच्या पुस्तकात, आणि चाळीसच्या चाळीस देवमाणसं? माझ्या सासऱ्याला तुम्ही प्रेमळ लिहिलंत. त्या प्रेमळ माणसानं मला अकरा वर्षं ‘अगं ए’ म्हणून हाक मारली. मला नाव आहे हे त्याला मी लग्नाच्या पत्रिकेवर दाखवलं असतं तरी पटलं नसतं.’

काकांनी हळूच विचारलं, मग काहीच वाचण्यासारखं नव्हतं का?

तशी ती हसायला लागली. एक होतं. चढावर गाडी बंद पडली होती आणि वर बसलेल्या सगळ्यांना उतरून ढकलावी लागली होती, तेव्हा मयताच्या दोन जावयांचं भांडण जुंपलं की मोठ्या जावयानं उजवीकडून ढकलायचं की डावीकडून. ते तिनं दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा शेजारच्या औषधाच्या दुकानदाराला वाचून दाखवलं. तेवढी तीन पानं तरी भट्टीतून वाचवायची होतीत, ती म्हणाली.

मेहुण्यानं तर वेळच लावला नाही. भट्टीच्या धगीसमोर उभं राहून त्यानं सांगून टाकलं की दाजी, मी वाचलंच नाही. पहिल्या ओळीत ‘मृत्यू अटळ आहे’ असं बघितलं आणि पालथं घातलं. तरी ते माझ्याकडं बघतंय असं वाटायला लागलं म्हणून वर वीट ठेवली. लहानपणी मला तुमच्या गाडीची भीती वाटायची, अजून वाटते, ताईनं दिवाळखोरीत निघालेल्या सर्कसवाल्याशी लग्न केलं असतं तरी मला चाललं असतं. एवढं बोलून त्याला मोकळं वाटलं आणि त्यानं दाजींना गरम पाव दिला.

तिघांनी तीन ठिकाणी बोट ठेवलं होतं. पहिली ओळ लोकांना पळवून लावते, इंजिन त्यांना झोपवतं, आणि देवमाणसं कुणालाच भेटत नाहीत. काका पाव खात घरी निघाले. पुस्तकाचं एवढं वाईट ऐकूनही पाय हलके पडत होते, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. आता राहिल्या काकू.

काकूंना त्यांनी सकाळीच सांगितलं होतं की पुस्तक भट्टीत गेलं. काकू ‘हं’ म्हणाल्या होत्या आणि भांडी घासायला गेल्या होत्या. काका गतिरोधकाची वाट बघत बसले. दुपार झाली. दुसरा दिवस उजाडला. काकू बोलायच्या, पण मीठ संपलंय, नळ गळतोय, एवढंच. भांडी मात्र जोरात वाजायची. तिसऱ्या दिवशी सकाळी काका अंघोळ करून आले तर पाहुण्यांच्या खाटेवरची गादी गुंडाळून भिंतीला उभी केलेली, आणि काकू खाटेच्या कडेला बसलेल्या. मांडीवर मूळ वही.

काकांनी हातातल्या ओल्या टॉवेलला गाठ मारली.

‘तीस वर्षं रोग्यांच्या गादीखालून तंबाखूच्या पुड्या काढल्यात मी,’ काकू म्हणाल्या. ‘तुम्ही कुणाला शेंड्या लावता? ठेवलीत त्याच दिवशी सापडली.’

काका म्हणाले, लोकांनी खरं बोलावं म्हणून केलं.

‘लोकांचं मला सांगू नका. मला विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले, ते माझं चुकलं. आता ही वही माझ्या मांडीवर आहे, भट्टीबिट्टीत गेलेली नाही, आणि तिच्यासमोर सांगते. शेवटपर्यंत वाचली मी. इंजिनसकट वाचली. सगळी चालेल, एकशे नव्वदावं पान चालणार नाही. ते खोटं आहे.’

एकशे नव्वदाव्या पानावर सासरे होते. काकूंचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. मुलीनं शववाहिकेचा ड्रायव्हर पसंत केला म्हणून नऊ वर्षं ते जावयाशी बोलले नाहीत, आणि ह्याच्या गाडीत मी पाय ठेवणार नाही हे त्यांनी दुकानात येईल त्या गिऱ्हाईकाला सांगून ठेवलं होतं. गावात गाडी एकच, ती चालवणारा एकच, तेव्हा शेवटी व्हायचं तेच झालं. त्या खेपेबद्दल काकांनी लिहिलं होतं: सासरे देवमाणूस होते, त्यांना मी फुलासारखं सावकाश नेलं.

‘फुलासारखं?’ काकू म्हणाल्या. ‘त्या दिवशी गाडी पळवलीत तुम्ही. जन्मात पहिल्यांदा. माझी चप्पल उडून समोरच्या बाकाखाली गेली. माझ्या मामांनी स्ट्रेचर धरलं होतं की स्ट्रेचरनं मामांना, ते कुणाला कळत नव्हतं. का पळवलीत?’

काका टॉवेलची गाठ सोडवायला लागले.

‘मला वाटलं, म्हातारा उठून बसेल,’ ते म्हणाले. ‘आणि म्हणेल, थांबव गाडी, मी चालत जातो.’

काकूंनी तोंडाला पदर लावला. आधी काकांना वाटलं रडताहेत, पण खांदे वेगळेच हलत होते. हसणं ओसरल्यावर काकूंनी दुसरं विचारलं, आणि ते काकांना जास्त लागलं. येताना खिडकी का लावून घेतली होतीत?

ते खरं होतं. एकोणतीस वर्षांत परतीच्या वाटेवर ती खिडकी एकदाच घट्ट बंद होती. बाकी गावाचं खरं काकांनी कान लावून ऐकलं. ज्या दिवशी मागच्या बाकांवर आपल्याबद्दल बोलतील असं वाटलं, त्या दिवशी त्यांनी काच सरकवली आणि इंजिनाचा आवाज ऐकत आले. त्याच इंजिनाचा, ज्याला पुस्तकात साठ पानं मिळाली.

मग काकूंनी त्या दिवशीचं बोलणं सांगितलं. वीस वर्षं त्यांनी ते सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. गतिरोधक ओलांडेपर्यंत मागं सगळे गप्प होते. मग सासूबाई, म्हणजे काकूंच्या आई, म्हणाल्या, नऊ वर्षं हट्ट केला, आणि शेवटी बसले की नाही जावयाच्याच गाडीत. मामा म्हणाले, आणि बघा, गावाची घड्याळं लावणारा हा माणूस कुठंच कधी वेळेवर गेला नाही, आज अर्धा तास आधी पोचला. सासूबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. ठसका थांबल्यावर म्हणाल्या होत्या, जावई घाबरलाय. त्याला म्हणावं, आता घाबरायचं कारण नाही.

‘हे तुम्ही ऐकलंच नाहीत,’ काकू म्हणाल्या, ‘म्हणून पानात ते नाही. मी सांगते, तुम्ही लिहा.’

शेवटच्या तारखेला अकरा दिवस उरले होते. काकू खाटेवर आणि काका टेबलाशी, असे दोघं बसायला लागले. इंजिनाची साठ पानं काढताना काकांनी ती तीनदा परत आत घातली. शेवटी अर्धं पान ठेवलं, क्लचचं, तेही काकू म्हणाल्या की त्याशिवाय गाडी चढावर बंद का पडली ते कळत नाही म्हणून. भांडणाऱ्या जावयांची तीन पानं उचलून अगदी पुढं आणली, म्हणजे पुस्तक उघडल्याबरोबर गाडी ढकलायलाच घ्यायची. मृत्यू अटळ आहे ही ओळ गेली. काकू म्हणाल्या, ते लोकांना माहीत असतं. चाळीस देवमाणसांची झाडाझडती झाली. ज्यांच्या परतीच्या खेपा काकांना आठवत होत्या त्या त्यांनी लिहिल्या, ज्यांच्या आठवेनात त्यांना गाडीतून उतरवलं. शेवटी तेवीस उरले, पण त्यातल्या प्रत्येकाची एखादी तरी खोड होती. एकशे नव्वदावं पान चार वेळा फाडलं गेलं. पाचव्यांदा काका म्हणाले की आता हात थांबतोय, तेव्हा काकूंनी पेन घेतलं आणि चपलेचा मजकूर स्वतःच्या अक्षरात लिहिला. ते अक्षर काकांनी तसंच ठेवलं.

पुस्तक जिवंत आहे हे गावाला सांगणं भाग होतं. फुलवालीला कळलं तेव्हा तिनं काकांना नालायक म्हटलं आणि सासऱ्याचं काय केलं ते विचारलं. काकांनी ते पान दाखवलं. त्यात सासरा तिला ‘अगं ए’ म्हणत होता, आणि परतीच्या वाटेवर त्याचा भाऊ सांगत होता की हा आपल्या बायकोलाही तेच म्हणायचा, कुत्र्याला मात्र नावानं हाक मारायचा. तिनं ते वाचलं आणि म्हणाली, हां, हा आमचा. हेडमास्तरांना मात्र फार लागलं. ते दोन दिवस दाराआडूनच बोलले. मी गेलेल्या पुस्तकाबद्दल बोललो होतो, असलेल्याबद्दल नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि इंजिनाची माहिती तशी उपयुक्तच होती असंही त्यांनी घाईघाईनं जोडलं. काकांनी हात जोडून त्यांचे आभार मानले. बोध घातला नाही हे काही सांगितलं नाही. मेहुण्यानं नवी प्रत मागितली आणि वीट काढून ठेवतो म्हणाला.

शेवटच्या दिवशी दुपारी काका वाचनालयात गेले. परतीची वर्दळ होती; चार-पाच माणसं पुस्तकं काखेत मारून रांगेत होती. पाळी आल्यावर काकांनी वही पुढं सरकवली. बाईंनी तारीख लिहून घेतली, वही नुसती चाळायची म्हणून उघडली, आणि चष्मा नाकावर चढवला.

एक पान झालं. काका बाजूला व्हायचं विसरले. त्यांचं लक्ष बाईंच्या तोंडाकडं होतं. दुसरं पान झालं. मागचा माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला. तिसऱ्या पानाच्या मध्यावर बाईंचं तोंड हळूहळू उघडायला लागलं. काकांनी टेबलाची कड घट्ट धरली.

बाई हसल्या. आवाज अगदी बारीक होता, पण रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला आणि सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

मागचा माणूस पुढं वाकून म्हणाला, बाई, माझ्या पुस्तकावर तेवढा शिक्का मारता का, मला गाडी गाठायची आहे.

बाईंनी मान वर न करता एक बोट वर केलं, थांबा म्हणून, आणि चौथं पान उलटलं.